स्थलांतरितांवरची कारवाई, बातम्या आणि मतं : नाशिकच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी गंगापूर रोडवर आमचा वाचनकट्टा भरतो. आठवड्याची वर्तमानपत्रं समोर पसरायची, एकच बातमी चार ठिकाणी कशी आली ते पाहायचं, एवढंच काम. मी बरीच वर्षं उपसंपादक होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. २०२५ च्या सुरुवातीपासून त्यातले निम्मे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : अमेरिकेतून परत पाठवलेले लोक, इथे पकडलेले 'बांगलादेशी', आणि या सगळ्यावर चाललेलं राजकारण. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. 'हद्दपारी' म्हणजे देशाबाहेर काढणं ना? मग आपल्या पेपरात रोज कुणीतरी हद्दपार कसा होतो?

कारण मराठी बातमीत हा एकच शब्द दोन कामं करतो. 'सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी हद्दपार' ही बातमी म्हणजे तडीपारी. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते आणि तो माणूस आदेशाबाहेरच्या दुसऱ्या जिल्ह्यात राहू शकतो. परदेशी नागरिकाला देशाबाहेर पाठवणं ही वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यासाठी मी 'परत पाठवणी' म्हणतो. शब्द लांब आहे, पण गोंधळ टळतो.

२. अमेरिकेतली 'आइस' म्हणजे कोण? आपल्याकडे तसं खातं आहे का?

आइस ही अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची यंत्रणा. ती २००३ मध्ये सुरू झाली. देशाच्या आत राहणाऱ्या, कागद नसलेल्या किंवा मुदत संपलेल्या लोकांना शोधणं, कोठडीत ठेवणं आणि परत पाठवणं हे तिचं काम. सीमेवरचं दल वेगळं आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने आइसला काही वर्षांसाठी सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले आणि त्यातला मोठा भाग कोठड्यांसाठी आहे. बातम्यांत हे नाव एवढं का दिसतं, त्याचं एक कारण हा पैसा.

आपल्याकडे असं स्वतंत्र दल नाही. परदेशी नागरिकांची नोंदणी इमिग्रेशन ब्युरो बघतो, पण प्रत्यक्ष धरपकड राज्याचे पोलीस करतात. म्हणजे नाशिकच्या अंबडमधली कारवाई शेवटी स्थानिक पोलीस ठाण्याचीच असते. १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. आधीचे चार कायदे, त्यात १९४६ चा परदेशी नागरिक कायदाही आला, त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास २ ते ७ वर्षं.

३. घुसखोर, बेकायदा स्थलांतरित, निर्वासित... कुठलाही शब्द वापरला तर काय बिघडतं?

बिघडतं. 'घुसखोर' म्हटलं की डोळ्यांसमोर रात्री काटेरी तार ओलांडणारा माणूस येतो. पण रीतसर व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेला माणूस घुसलेला नसतो. भारताच्या नागरिकत्व कायद्यात 'अवैध स्थलांतरित' अशी व्याख्या आहे आणि तिच्यात हे दोन्ही प्रकार बसतात. 'निर्वासित' या शब्दाला मात्र आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, कारण १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही.

अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये आपल्या बातमीदारांना सांगितलं की कृत्याला बेकायदा म्हणा, माणसाला नको. त्यावर मोठा वाद झाला. एका बाजूला ही दिशाभूल वाटली, दुसऱ्या बाजूला साधं सौजन्य. माझं मत सांगतो : चौकशी चालू असेल तोवर 'संशयित' हा एकच प्रामाणिक शब्द आहे. तो मथळ्यात बसत नसेल तर मथळा बदलावा.

४. अमृतसरला विमान उतरलं तेव्हा एका चॅनेलवर 'अपमान', दुसऱ्यावर 'यात नवीन काय?' खरं कोणाचं?

दोघांच्या हातात खरी माहिती होती. प्रत्येकाने अर्धीच दाखवली.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. सर्वांत जास्त लोक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. महाराष्ट्राचे तिघे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत वर्षवार आकडे दिले : २००९ मध्ये ७३४, २०१९ मध्ये २,०४२, २०२४ मध्ये १,३६८. बेड्या घालण्याची पद्धत २०१२ पासूनची आहे, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे 'नवीन काय?' म्हणणाऱ्यांकडे आकडे होते.

नवीन होतं ते लष्करी विमान, आणि नवीन होती जाहिरात. अमेरिकेच्या सीमादलाच्या प्रमुखांनी स्वतःच साखळदंड घातलेल्या माणसांचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला. आधीची सरकारंही लोकांना परत पाठवत होती. ओबामांच्या काळात २०१२ या एका आर्थिक वर्षात चार लाखांहून जास्त लोकांना देशाबाहेर काढलं गेलं, पण तेव्हा कॅमेरा मागे होता. आता कॅमेरा हाच कारवाईचा भाग आहे. त्यामुळे व्हिडिओ दाखवताना 'हा कोणी काढला आणि कोणी प्रसिद्ध केला' हे सांगणं वृत्तवाहिनीचं कर्तव्य होतं. मी त्या दिवशी पाहिलेल्या मराठी वाहिन्यांपैकी एकीनेही ते सांगितलं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

५. पण बेड्यांचा तो फोटो खोटा निघाला होता ना?

एक फोटो खोटा निघाला. विमान उतरण्याच्या सुमारास फिरलेला फोटो ग्वाटेमालाला पाठवलेल्या लोकांचा होता आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तसा खुलासा केला. त्या खुलाशावरून अनेकांनी ठरवलं की भारतीयांना बेड्या घातल्याच नव्हत्या. मग वर सांगितलेला खरा व्हिडिओ आला. फोटो खोटा, गोष्ट खरी, असं होऊ शकतं.

याची अजून दोन उदाहरणं कट्ट्यावर मी नेहमी काढतो. २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने सीमेवर पालकांपासून मुलं वेगळी केली. तेव्हा 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रडणारी होंडुरासची छोटी मुलगी आली. नंतर कळलं की तिला आईपासून वेगळं केलंच नव्हतं. त्याच धोरणाखाली हजारो मुलं मात्र खरोखर वेगळी झाली होती. चुकीच्या चित्रामुळे धोरणाच्या समर्थकांना 'सगळंच बनाव आहे' म्हणायची संधी मिळाली. दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२१ चं, टेक्सासमधल्या डेल रिओचं. घोड्यावरचे जवान हैतीच्या लोकांना चाबकाने मारताहेत असं जगभर छापून आलं. हातात लगाम होते. चौकशीत चाबकाचे फटके सिद्ध झाले नाहीत, पण अनावश्यक बळ वापरल्याचा ठपका आला. पहिली बातमी वाचलेल्यांपैकी किती जणांपर्यंत चौकशीचा निष्कर्ष पोचला असेल?

६. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर, सुटल्याची कुठेच नाही. असं का?

संपादक दुष्ट असतात म्हणून नव्हे. धंद्याची रचनाच तशी आहे. पकडल्याची बातमी पोलिसांच्या प्रेसनोटमधून तयार येते : आकडा, ठिकाण, पथकाचं नाव, रांगेत उभे केलेले पाठमोरे लोक. सुटल्याची प्रेसनोट कोणी काढत नाही. ती बातमी हवी असेल तर बातमीदाराने तीन आठवड्यांनी न्यायालयात जाऊन कागद बघायला हवा, आणि तोवर त्याच्या हातात नवी प्रेसनोट आलेली असते.

माझ्या हातून हेच झालं. सिडकोतल्या एका बांधकामावरून पाच जण उचलले होते. रात्री साडेअकराला प्रेसनोट आली आणि मी मथळा दिला : 'पाच बांगलादेशी जेरबंद'. 'संशयित' हा शब्द मीच काढला, कारण ओळ लांब होत होती. आठ दिवसांनी कळलं की त्यातले चौघे पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचे, म्हणजे भारतीयच होते आणि गावच्या पोलिसांनी तसं कळवलंही होतं. आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. त्या चौघांना तोपर्यंत मुकादमाने कामावरून काढलं होतं आणि खोलीमालकाने बाहेर काढलं होतं. मी त्यांना कधी भेटलो नाही. हा कट्टा मी सुरू केला त्याला ते एक कारण आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खान यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा दुर्ग स्थानकावर एका भलत्याच माणसाला ताब्यात घेतलं आणि त्याचा फोटो देशभर झळकला. तो सुटला. नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं, असं त्याने नंतर सांगितलं. हे पुढे जे छापून आलं, ते तो स्वतः बोलला म्हणून.

न्यायालयानेही हे नोंदवलं आहे. तबलिगी जमातीच्या कार्यक्रमाला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचे गुन्हे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले. छापील आणि टीव्ही माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार चालवला आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं, असं निकालात म्हटलं आहे.

७. हे सगळं ठीक, पण बांगलादेशी खरंच सापडतात. ते लपवणं हाही पक्षपातच नाही का?

आहे, आणि हा प्रश्न टाळणाऱ्या पत्रकारांमुळेच वाचकांचा विश्वास उडाला. बनावट कागद करून देणारे दलाल आहेत, पैसे घेऊन सीमा पार करून देणारे आहेत, आणि कमी मजुरीत माणूस मिळतो म्हणून डोळे मिटणारे ठेकेदारही आहेत. पण आपल्या बातमीत दिसतो तो फक्त मजूर. दलालाला वाक्याच्या शेवटी जागा मिळते, ठेकेदाराचा उल्लेखच नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या ह्युंदाईच्या कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला आणि सुमारे ४७५ लोक पकडले गेले. त्यात तीनशेहून जास्त दक्षिण कोरियन होते. तिथे मात्र पहिल्या दिवसापासून कंपनी कोणती, उपठेकेदार कोण, व्हिसाचा प्रकार कोणता हे छापून आलं, कारण अडकलेले कामगार श्रीमंत देशाचे होते. तीच खोदाखोद आपल्याकडे व्हावी, एवढंच मागणं आहे.

८. अशी कारवाई केली की मतं मिळतात, हे खरं आहे का?

पहिल्या निवडणुकीत बऱ्याचदा मिळतात. त्यापुढचं गणित कोणाच्याच हातात राहत नाही.

कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये 'प्रस्ताव १८७' मतदानाला आला. कागद नसलेल्यांना सरकारी शाळा आणि दवाखाने बंद करायचे, असा तो प्रस्ताव होता. सुमारे ५९ टक्क्यांनी तो मंजूर झाला आणि त्याच्या जोरावर मागे पडलेले गव्हर्नर पीट विल्सन पुन्हा निवडून आले. न्यायालयाने तो अडवला. मात्र त्या प्रचाराने दुखावलेल्या लॅटिनो कुटुंबांनी मोठ्या संख्येने नागरिकत्व घेतलं, मतदार नोंदणी केली, आणि पुढच्या काळात ते राज्य रिपब्लिकन पक्षाच्या हातून गेलं. सगळं कारण तेवढंच नव्हतं, पण अमेरिकेतले राजकारणी आजही ते उदाहरण विसरत नाहीत. २०२४ ला मात्र त्याच समाजातली जवळपास निम्मी मतं ट्रम्प यांना पडली. म्हणजे 'स्थलांतरितांचा समाज कारवाईच्या विरोधातच मत देतो' हाही माध्यमांचा आवडता समज होता, आणि तोही कोसळला.

मग प्रत्यक्ष कारवाई दिसू लागली आणि काटा परत फिरला. गॅलपच्या पाहणीत स्थलांतर कमी करा म्हणणारे अमेरिकन २०२४ मध्ये ५५ टक्के होते. २०२५ च्या उन्हाळ्यात ते ३० टक्क्यांवर आले. लोकांना कडक धोरण हवं असतं, पण शेजारच्या हॉटेलातला ओळखीचा स्वयंपाकी उचलून नेलेला बघवत नाही.

ब्रिटनमध्ये तर एका वृत्तपत्राच्या चिकाटीने गृहमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. १९७१ पूर्वी कॅरिबियन बेटांवरून कायदेशीर आलेल्या वृद्धांना 'कागद दाखवा' म्हणून छळलं जात होतं. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं खुद्द गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. 'गार्डियन'ने एकेका माणसाची कहाणी महिनोन्‌महिने छापली आणि एप्रिल २०१८ मध्ये अँबर रड यांनी राजीनामा दिला. बातमीचा पाठपुरावा करणं म्हणजे काय, ते यातून दिसतं.

९. आणि आपल्याकडे?

आसाम बघा. बाहेरून आलेल्यांविरुद्धच्या सहा वर्षांच्या आंदोलनानंतर १९८५ मध्ये करार झाला, आंदोलनातून आसाम गण परिषद जन्मली आणि त्याच डिसेंबरात सत्तेवर आली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची (एनआरसी) अंतिम यादी लागली तेव्हा १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले. ज्या पक्षांनी यादी मागितली होती त्यांनाही ती मान्य झाली नाही, कारण बाहेर राहिलेल्यांत त्यांचे मतदारही होते.

महाराष्ट्राचा अनुभवही जुना आहे. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबई पोलीस बांगलादेशी ठरवलेल्या लोकांना हावड्याच्या गाडीने नेत होते. त्या मार्गावरच्या गाड्या आपल्या नाशिकरोडवरूनच जातात. बंगालमधल्या उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं आणि दोन राज्यांची सरकारं समोरासमोर आली. एका राज्यासाठी ते परदेशी घुसखोर होते, दुसऱ्यासाठी मारून हाकललेले बंगाली मजूर. ही फट अजून बुजलेली नाही (प्रश्न १२ पाहा).

१०. मालेगावच्या जन्मदाखल्यांचं प्रकरण नक्की काय? आमच्या ग्रुपवर रोज वेगळं येतं.

जानेवारी २०२५ मध्ये भाजपचे किरीट सोमय्या यांनी आरोप केला की मालेगावात उशिरा नोंदवलेले जन्मदाखले बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दिले गेले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, महसूल अधिकारी निलंबित झाले, उशिराच्या नोंदी थांबवल्या गेल्या आणि नंतर कडक कार्यपद्धती आली.

बातम्यांत सुटलेला धागा असा. जन्माची नोंद एक वर्षापेक्षा उशिरा करायची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार महसूल यंत्रणेकडे आला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्याच दुरुस्तीने त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचं वजन वाढवलं. दाखल्याला महत्त्व आलं की घरी जन्मलेल्या, कधीच नोंद न झालेल्या म्हाताऱ्या माणसांचीही रांग लागते. मालेगावात लागते तशी सुरगाण्यातही लागते. म्हणून वाचताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : पुरेसे कागद न पाहता दिलेला दाखला, खोटे कागद जोडून घेतलेला दाखला, आणि परदेशी माणसाने घेतलेला दाखला. पहिलं म्हणजे प्रशासनाची चूक, दुसरं म्हणजे गुन्हा. तिसरी गोष्ट सिद्ध करायला माणूस परदेशी आहे याचा स्वतंत्र पुरावा लागतो. मथळे या तिन्हींची बेरीज करून एकच आकडा देतात.

११. आधार आहे, मतदार कार्ड आहे. तरी नागरिकत्व सिद्ध होत नाही म्हणता?

आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. नागरिकत्व जन्मतारखेवर ठरतं : १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे जन्मानेच, त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांना आई किंवा वडील भारतीय असतील तर, आणि त्यापुढे एक पालक भारतीय असून दुसरा अवैध स्थलांतरित नसेल तरच. पासपोर्टची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, पण देशातल्या बहुसंख्य मजुरांकडे ती कधी येत नाही.

१२. सिंहस्थाच्या कामांसाठी माझ्याकडे मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी आहेत. उद्या पोलीस आले तर?

प्रत्येकाच्या कागदांच्या प्रती ठेवा : शाळेचा दाखला, आईवडिलांच्या मतदार यादीतलं पान, जमिनीचा उतारा, गावच्या पोलीस ठाण्याचा फोन. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, ते त्यांचे आहेत. ठाण्यात पडताळणीचा अर्ज देऊन पोच घ्या. अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे, आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचा भार कायद्याने त्या माणसावर आहे. तरी जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी अधिकाऱ्यांकडे संशयाला काही आधार हवा.

पडताळणीआधी पोलिसांनी घाई का करायची नाही ते २०२५ मध्ये दिसलं. मुंबई परिसरातून उचललेल्या बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि तिथल्या राज्य सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावं लागलं. दिल्लीत उचललेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला परत यायला डिसेंबर उजाडला, तेही उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात खटला चालल्यावर.

१३. मुलगी अमेरिकेत एमएस करतेय. तिकडच्या बातम्या बघून झोप लागत नाही.

बातमीची तारीख आधी बघा. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या ही खरी बातमी होती. त्याच महिन्याच्या शेवटी, न्यायालयांत दावे उभे राहिल्यावर, त्या पूर्ववत करायला सुरुवात झाली, हीसुद्धा खरी बातमी होती. पहिली अजून व्हॉट्सअॅपवर फिरते. मुलीने विचारायचं ते विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात, आणि तुम्ही विचारायचं ते मुलीला.

१४. चुकीच्या बातमीची तक्रार कुठे करू?

आधी संपादकाला लेखी. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत जाता येतं. ते दंड करत नाही, ताशेरे मारतं. टीव्हीसाठी आधी वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांत, आणि मग वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे. क्लिप, वेळ आणि तारीख जपून ठेवा.

१५. माझ्या भावाला संशयावरून पकडलं होतं, नंतर सोडलं. पण नाव टाकलं की अजून तीच जुनी बातमी येते. काढता येईल?

पूर्ण काढून टाकण्याचा सरळ हक्क गृहीत धरू नका. उच्च न्यायालयांनी यावर वेगवेगळे निकाल दिले आहेत. पण बातमी अद्ययावत करून घेता येते, आणि मी चार जणांना त्यासाठी पत्र लिहून दिलं आहे. पत्रात तीनच गोष्टी लिहा : बातमीचा दुवा आणि तारीख, सुटकेच्या आदेशाची प्रमाणित प्रत, आणि ही मागणी की त्याच दुव्यावर, मथळ्याच्या लगेच खाली, 'यांना अमुक तारखेला सोडण्यात आले' ही ओळ घालावी. नवी बातमी मागू नका, ती जुन्या बातमीखाली हरवते. चारपैकी तिघांच्या बातमीत ती ओळ आली. चौथ्याचं स्मरणपत्र या सोमवारी जाणार आहे. तुमच्या भावाचे कागद घेऊन रविवारी नऊला या.